चोवीसांश काळी-पिवळी

१ जून २०२४, शनिवार
पद्मिनीच्या चोवीसांश मॉडेलची बॉडी आज हातात आली. ठाण्याच्या मित्राने रेझिन प्रिंटरवर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतली, अतिनील दिव्याखाली पक्की केली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून डोंबिवलीला पाठवली. राखाडी रंगाची, वजनाला हलकी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत व्हर्नियर लावला, तर बरोबर ९७.५ मिमी. खऱ्या गाडीचा व्हीलबेस २३४० मिमी. चोवीसने भागला की एवढाच येतो. व्हीलबेस चुकला तर पुढे कितीही कष्ट घ्या, गाडी ओळखीची वाटत नाही. आता निर्धास्तपणे कामाला लागता येईल.

माझ्या कपाटात जपानी किटं आहेत, अमेरिकन आहेत. स्कायलाइन आहे, फेरारी आहे, फोर्डचा एक जुना पिकअप आहे. पद्मिनी मात्र मला कुठल्याही डब्यात मिळाली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४पासून फियाट ११०० डिलाइट बनत होती, १९७२मध्ये ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४मध्ये प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चार दारं. मुंबईत दोन पिढ्यांनी आयुष्यातला पहिला मोटारप्रवास याच गाडीतून केला असेल, आणि तोही बहुधा टॅक्सीतून.

म्हणून मला शोरूममधली पद्मिनी करायची नाही. टॅक्सी करायची आहे, आणि तीही साधारण २००५ सालची, भरपूर चाललेली.

२ जून, रविवार
तळमजल्यावरच्या काकांना बॉडी दाखवली. त्यांनी मुंबई सेंट्रलच्या स्टँडवर बरीच वर्षं टॅक्सी चालवली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, टपावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, कॅरिअर कुठाय?"
"तो नंतर. पितळेच्या तारेचा करणार आहे."
"मग मीटर?"
"तोही करणार."
"मग ठीक आहे. नाहीतर ही कुणा डॉक्टरची गाडी वाटते."

८ जून, शनिवार
शेजारच्या सोसायटीत एका आजोबांकडे स्वतःच्या वापराची पांढरी पद्मिनी आहे. त्यांनी मोठ्या मनाने दोन तास दिले. टेप, व्हर्नियर, वही आणि मोबाइल घेऊन गेले होते. काकाही आले, हातात फडकं घेऊन. माप घ्यायच्या आधी तो तो भाग पुसून देत होते.

फोटोवरून मॉडेल करता येतं, पण गाडीला हात लावल्यावर जे कळतं ते फोटोत सापडत नाही. टपाच्या कडेने जाणारी पाण्याची पन्हळ किती बाहेर येते, पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेची चौकट किती जाड आहे, बॉनेट बंद केल्यावर मधली फट कुठे रुंद होते आणि कुठे अरुंद, हे सगळं वहीत उतरवलं. फटी साधारण ५ मिमीच्या आहेत. चोवीसने भागल्यावर ०.२ मिमी. प्रिंटमध्ये त्या उथळ आल्या आहेत, सुईने कोरून खोल कराव्या लागतील. कोरायचं काम रंगाआधीच करायला हवं, कारण रंग फट भरून टाकतो. खऱ्या गाडीवर रंगाचा थर साधारण १०० मायक्रॉन असतो. तो चोवीसने लहान केला तर ४ मायक्रॉन होईल आणि एवढा पातळ थर कुठलाही एअरब्रश देत नाही. म्हणजे लहान गाडीवर रंग नेहमीच जाड चढतो. त्याची भरपाई आधीच करून ठेवायची, म्हणून फट जरा जास्तच खोल कोरायची.

या छंदात गणित पहिल्या दिवशी मदतीला येतं आणि दुसऱ्या दिवसापासून अपुरं पडतं. सगळंच चोवीसने भागून चालत नाही. काय भागायचं, काय सोडायचं, काय थोडं वाढवून घ्यायचं हे नजरेने ठरवावं लागतं. ही नजर तयार व्हायला वेळ लागतो, आणि मला या छंदात सगळ्यात प्रिय काही असेल तर तीच.

१५ जून, शनिवार
टायर. पद्मिनीचा टायर ५.२०-१४. म्हणजे रुंदी सव्वापाच इंचांच्या आत आणि रिम चौदा इंची. चोवीसाव्या भागात रुंदी साडेपाच मिमी, रिम पंधरा मिमीच्या जरा खाली. किटांमधले रबरी टायर सगळे स्पोर्ट्स गाड्यांचे, रुंद आणि चपटे. ते लावले तर पद्मिनी मापाबाहेरची चप्पल घातल्यासारखी दिसते.

मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले. हार्डवेअरच्या त्या गल्लीत हातगाड्या, पाइपांचे गठ्ठे आणि माणसं यांच्यामधून वाट काढत ओ-रिंगचं दुकान गाठलं. आतला व्यास १५, जाडी ५. म्हणजे बाहेरचा व्यास २५, आणि खऱ्या टायरची उंची चोवीसने भागली की जवळजवळ तेवढीच येते. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या पंपाला?" मी म्हटलं, "टॅक्सीला." त्याने मान वर करून पाहिलं, मग मी मोबाइलवर बॉडीचा फोटो दाखवला. त्याने आणखी दोन जाडीच्या रिंगा काढून समोर ठेवल्या आणि स्वतःच त्यांतली योग्य निवडली.

घरी आल्यावर एकेक रिंग ड्रिलच्या दांड्यावर चढवून फिरवली आणि वॉटर पेपर टेकवून वरचा गोलवा चपटा केला. आता ती खऱ्या टायरसारखी जमिनीवर टेकते.

२३ जून, रविवार
दिवसभर लांबी, म्हणजे पुट्टी, आणि वॉटर पेपर. रेझिन प्रिंटचे थर उघड्या डोळ्यांना फारसे दिसत नाहीत, पण प्रायमरचा पहिला हात बसला की टपाच्या उतारावर नकाशातल्या समोच्च रेषा उमटतात. ४०० नंबरने सुरुवात, मग ८००, मग १२००. पाण्याच्या वाटीत दोन थेंब साबण टाकला की कागद चोंदत नाही. दुपारी लांबी भरली, संध्याकाळी घासली. पन्हळीची कड घासताना जपावं लागलं. तिची धार गेली तर पुन्हा आणता येत नाही, म्हणून तिच्यावर टेपच्या दोन पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या.

७ जुलै, रविवार
पाऊस थांबत नाही. हवेतली आर्द्रता नव्वदच्या आसपास. अशा हवेत लॅकर मारायचा नसतो. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंड पृष्ठभागावर हवेतलं बाष्प बसतं आणि रंगावर पांढरट झाक येते. गल्लीच्या टोकाला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, तिथले मिस्त्रीही या दिवसांत पूर्ण बॉडीचं काम घेत नाहीत, फक्त लांबीपर्यंत नेऊन ठेवतात. मंद उडणारं रिटार्डर थिनर मिळतं, त्याने काम भागतं, पण आज घाई नाही.

म्हणून वाचत बसले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३०मध्ये फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड नावाची मुलांसाठीची स्पर्धा सुरू केली. आधी एका राजेशाही घोडागाडीची प्रतिकृती करायची असे. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार, बहुधा १:१२ या मापात, लाकूड नाहीतर प्लॅस्टर कोरून. बक्षीस म्हणजे कॉलेजची शिष्यवृत्ती. १९६८पर्यंत ती चालली. १९४७मध्ये त्यात पहिला आलेला चक जॉर्डन पुढे त्याच जनरल मोटर्समध्ये डिझाइनचा प्रमुख झाला. घरच्या टेबलावर पोराने कोरलेल्या लाकडाच्या गाडीकडे एक कारखाना इतक्या गांभीर्याने पाहत होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे चित्रकलेच्या परीक्षा आहेत, विज्ञान प्रदर्शनं आहेत, पण हाताने तंतोतंत माप धरून वस्तू घडवणाऱ्या मुलांना अशी वाट कुणी करून दिलेली मला दिसत नाही. करायला हवी. उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरहून निघून विमानं, जहाजं आणि मोटारी बनवायला निघाले, त्या महाराष्ट्रात तर करायलाच हवी.

मग १९५८मध्ये एएमटी या कंपनीने 'थ्री-इन-वन' किट काढलं. एकाच डब्यातून तीन प्रकारची गाडी करता येईल: कारखान्यातून येते तशी, शर्यतीची, किंवा कस्टम. तिसऱ्या प्रकारासाठी डब्यात जादा भाग असत, वेगळे बंपर, वेगळी ग्रिल, चाकांच्या टोप्या. कॅलिफोर्नियात तेव्हा तरुण पोरं खऱ्या गाड्यांचे टप कापून खाली आणत होती, दिव्यांची जागा बदलत होती. त्यांचं वेड लहान गाड्यांत उतरलं. कारखान्याने दिलेली गाडी तशीच न ठेवता ती आपली करायची, हा त्यामागचा विचार.

आमच्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीही तेच केलं, पण हौसेपेक्षा गरजेपोटी. टपावर कॅरिअर, मागच्या सीटवर रेक्झिन, डॅशबोर्डवर गणपती, काचेवर आईचं नाव, आरशाला लोंबणारी माळ, सीटखाली पाण्याची बाटली आणि टॅरिफ कार्ड. कारखान्याच्या ड्रॉइंगमध्ये यातलं काही नव्हतं. ही सगळी भर चालकाची. आणि ती दर गाडीला वेगळी असायची. एवढ्या हजारो एकसारख्या गाड्यांमधून नेहमीचं गिऱ्हाईक आपली टॅक्सी लांबून ओळखायचं ते या भरीवरून. मॉडेलमध्ये ती उतरली नाही तर मी नुसती फियाट केली, टॅक्सी नाही.

१४ जुलै, रविवार
पिवळा आधी, काळा नंतर. पिवळ्या रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. काळ्यावर पिवळा मारत बसलं तर दहा हात देऊनही हिरवट राहतो. म्हणून टपाला पांढरा प्रायमर दिला. खोलीत एसी तासभर चालवून हवा कोरडी केली, बॉडी केस वाळवायच्या यंत्राने किंचित कोमट केली, मग एसी बंद, खिडकीतला पंखा सुरू, तोंडाला मास्क, आणि एअरब्रशचा हात. पातळ थर, मध्ये दहा मिनिटं, पुन्हा पातळ थर. पिवळा कुठला घ्यायचा यावर काकांशी आधी चर्चा झाली होती. लिंबासारखा नको, आणि हळदीइतका गडदही नको. त्यांनी स्वयंपाकघरातून मोहरीच्या तेलाची बाटली आणून खिडकीत धरली. "हा, पण थोडा जुना झालेला." पिवळ्यात चिमूटभर पांढरा आणि त्याहून कमी तपकिरी घालून तो साधला.

१७ जुलै, आषाढी
पिवळा पूर्ण सुकला. मास्किंग टेप कापून पन्हळीखाली लावली. खिचडी.

२० जुलै, शनिवार
काळा. आणि यावरून काका आणि मी खूप वेळ बोललो.

त्यांचं म्हणणं: टॅक्सी दरवर्षी आरटीओत पासिंगला जायची तेव्हा आदल्या आठवड्यात रंग मारला जायचा, स्टँडच्या मागे, पुष्कळदा ब्रशनेच. दाराच्या रबरालाही काळा लागायचा, बंपरवर ओघळ यायचे. "तुमची एवढी गुळगुळीत गाडी पासिंगला कधी गेलीच नाही, असं वाटेल."

ते म्हणतात ते खरं आहे. मॉडेलच्या प्रदर्शनांत आरशासारखा चकचकीत रंग म्हणजे कौशल्याची परिसीमा मानतात. क्लिअर कोटचे हात देऊन, २००० आणि ३००० नंबरने घासून, पॉलिश करून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दाखवतात. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला की गुण कापतात. त्या गाड्यांमागचे कष्ट मी जाणते. पण या गाडीवर तसा रंग चढवणं म्हणजे तिच्याबद्दल खोटं बोलणं.

तरी मी ब्रश वापरला नाही. ब्रशच्या केसाने उठलेली रेघ माझ्या गाडीवर जेवढी दिसेल, तेवढी चोवीसपट केली तर खऱ्या दारावर विळ्याने ओरखडल्यासारखी दिसेल. म्हणून एअरब्रशनेच मारलं, पण अर्धवट चकाकीचा रंग घेतला. निव्वळ काळाही घेतला नाही. लहान वस्तूवर गडद काळा मारला तर बॉनेटचा बाक, दाराची घडी, काहीच दिसत नाही, एक डाग तेवढा उरतो. खरी गाडी आपण दहा-पंधरा पावलांवरून बघतो, मध्ये हवा असते, उजेड असतो, आणि तो काळा आपल्या डोळ्यांपर्यंत थोडा फिका होऊन पोचतो. म्हणून काळ्यात करडा आणि किंचित तपकिरी मिसळला. दाराच्या रबरावर मात्र बारीक ब्रशने रंग मुद्दाम लावला, आणि मागच्या बंपरवर एक ओघळ सोडला. काकांनी त्या ओघळावर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

बंपर क्रोमचे केले नाहीत. २००५पर्यंत बहुतेक टॅक्सींचं क्रोम गेलेलं होतं, त्यावर चंदेरी रंग असायचा. त्यामुळे क्रोमची फॉइल कपाटातच राहिली.

२६ जुलै, शुक्रवार
आज काका स्वतःहून वर आले. २००५मधला हाच दिवस. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. काका कलिन्याजवळ अडकले. पाणी दाराच्या हँडलपर्यंत आलं तेव्हा मागच्या सीटवरच्या बाई आणि त्यांच्या मुलाला घेऊन ते एका इमारतीच्या जिन्यावर चढले. रात्रभर तिथून गाडीचा पिवळा टप दिसत होता. पाणी उतरल्यावर मेकॅनिकने तेल काढून टाकलं, प्लग धुतले, कार्ब्युरेटर उघडला, आणि इंजिन सुरू झालं. "इंजिन कधी दगा देत नव्हतं, ताई. पत्रा द्यायचा." सीटमधला काथ्या मात्र वाळला नाही, तो पुरा बदलावा लागला. आणि दारांच्या खालच्या कडा त्यानंतर गंजत गेल्या, दर पासिंगला लांबी भरावी लागली.

म्हणून गंज. गंज कुठे धरतो ते आधी समजून घ्यायला हवं. तो कुठेही येत नाही. पाणी जिथे साचून राहतं तिथे येतो. दाराच्या खालच्या घडीत, मडगार्डच्या कडेच्या आत, पन्हळीच्या टोकाला, मागच्या नंबरप्लेटच्या दिव्याखाली. स्पंजचा तुकडा फाडून तो गडद तपकिरी रंगात बुडवला, कागदावर जवळजवळ पूर्ण पुसला आणि दाराच्या खालच्या कडेवर अलगद टेकवत गेले. त्या ठिपक्यांच्या आत, त्याहून लहान, जरा नारिंगी ठिपके. मापाचं भान इथे सतत ठेवावं लागतं: माझ्या गाडीवरचा एक मिमीचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिमीचा, रुपयाच्या नाण्याएवढा. तसे चार टवके एका दारावर पडले की गाडी भंगारात निघालेली दिसते. काकांची गाडी तर रोज धंद्याला निघत होती. म्हणून गंज एवढाच की शोधावा लागेल.

उजव्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे पाण्याची एक फिकट आडवी रेघ ओढली. काकांनी सांगितलेल्या उंचीवर.

३ ऑगस्ट, शनिवार
मीटर. यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर असायचा, डाव्या बाजूला, पुढच्या काचेच्या कोपऱ्याजवळ. झेंडा उभा असला की गाडी रिकामी. भाडं बसलं की चालक हात बाहेर काढून तो फिरवायचा आणि तो खट्टकन आवाज यायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि तो आवाज गेला. माझा मीटर करंगळीच्या नखापेक्षा छोटा आहे. स्टायरीनचे दोन ठोकळे, पितळेच्या पातळ पट्टीचा झेंडा, आणि आकड्यांची खिडकी डेकलची.

झेंडा उभा ठेवायचा की पाडलेला? काका म्हणाले, "उभा. म्हणजे कुणीतरी हात करेल."

नंबरप्लेटही आज झाल्या. पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरं, एमएच-०१. साध्या प्रिंटरवर पांढरं छापता येत नाही, पण काळं पारदर्शक डेकलवर सुरेख छापता येतं, म्हणून आधी प्लेट पिवळी रंगवून वर काळी अक्षरं सरकवली. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'आई एकवीरा'.

११ ऑगस्ट, रविवार
आतली सजावट. पुढची सीट एकसंध बाकासारखी, कारण गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. छताच्या कापडावर फुलांची नक्षी हवी होती. २०१५मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या प्रकल्पात तरुण डिझायनरांनी टॅक्सींच्या सीटा आणि छतं आपल्या चित्रांनी मढवली, आणि ती फार देखणी होती. पण माझी गाडी त्याच्या दहा वर्षं आधीची. तिला बाजारात वारावर मिळणारं प्लॅस्टिकचं मोठ्या फुलांचं कापडच शोभतं. जुन्या शर्टाचा फोटो लहान करून पातळ कागदावर छापला आणि छताला चिकटवला. नक्षी चोवीसपट लहान झाली की फुलं ठिपके होतात, म्हणून ती फक्त बारापट लहान केली. नजरेला ती बरोबर वाटतात.

काचा चिकटवायला साधा पांढरा गोंद. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर पांढरी बुरशी बसवते आणि ती निघत नाही. पुढच्या काचेवर वायपरचा पंखा कापून टेप लावला, वरून फिकट मातकट रंगाची नुसती फुंकर मारली, टेप काढला. दोन स्वच्छ चाप उमटले. काच एकदम खरी झाली.

१५ ऑगस्ट, गुरुवार
कॅरिअर. ०.८ मिमीची पितळी तार, म्हणजे खऱ्यात जवळपास २० मिमीची नळी. प्लायवर खिळे ठोकून साचा केला, तारा त्यात बसवल्या, फ्लक्स लावून सोल्डर केल्या. एक सांधा करताना शेजारचा सुटू नये म्हणून तिथे ओला कापूस ठेवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढंच काम, आणि मनासारखं झालं.

कॅरिअरचं महत्त्व काकांनी सांगितलं तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. टॅक्सींना सीएनजी आला आणि टाकीने डिकी खाल्ली. मग सगळं सामान टपावर. मे महिन्यात एसटी डेपोवर कोकणातून येणारी माणसं, आंब्याच्या पेट्या, ट्रंक, गाद्यांच्या वळकट्या. डिकीत मी सीएनजीची टाकी बसवली आहे. डिकी उघडत नाही, तरी ती आत आहे. पुढच्या काचेवर हिरवं स्टिकर आहे.

टपावर एक ट्रंक, एक वळकटी, दोन पेट्या. दोर म्हणून सुती दोरा, पण त्याचे तंतू उठून दिसतात, म्हणून तो मेणावरून ओढून घेतला. गाठ कशी मारायची ते काकांनी दाखवलं. चिमट्याने ती गाठ बसवायला त्यांनी अख्खी दुपार माझ्याबरोबर घालवली. गाडीच्या टपावर सामान बांधणं हे एक शास्त्र आहे आणि ते त्यांच्या हातात अजून शाबूत आहे.

२५ ऑगस्ट, रविवार
भल्या पहाटेची गाडी पकडून बॅलार्ड इस्टेट, टॅक्सीचे फोटो काढायला. रविवारी सकाळी तिथले रस्ते रिकामे असतात.

मॅसॅच्युसेट्समध्ये मायकेल पॉल स्मिथ नावाचा एक माणूस होता, २०१८मध्ये वारला. १:२४च्या गाड्या आणि स्वतः केलेली घरं तो एका टेबलावर मांडायचा, ते टेबल खऱ्या रस्त्याच्या कडेला, खऱ्या झाडांसमोर न्यायचा आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायचा. त्याच्या लहानपणच्या अमेरिकन गावाची याद त्याने एल्गिन पार्क या नावाने अशी उभी केली. संगणकाची करामत नाही. सगळं अंतर आणि उंची यांचं गणित. मी त्याची पद्धत जवळून अभ्यासली आहे. साध्या कॅमेऱ्याचा छोटा सेन्सर इथे उपयोगी पडतो, कारण त्यात जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. मोबाइलही म्हणून चालतो.

फळीवर डांबराचा रस्ता मी वाळूच्या कागदाचा केला होता. फळी स्टुलावर, स्टूल फूटपाथच्या कडेला, आणि फळीची मागची कड खऱ्या रस्त्याच्या रेषेला जुळवली. लेन्स फळीपासून साडेसहा सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडीच्या मापात उभ्या माणसाचे डोळे. मागे वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या दगडी इमारती. सूर्य वर येईपर्यंतच हे जमतं; सावल्या एका दिशेच्या हव्यात, खऱ्या झाडाची आणि माझ्या गाडीची.

अशी खरी टॅक्सी आता इथे दिसत नाही. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. टॅक्सीमेन्स युनियनने एक तरी गाडी जतन करावी अशी मागणी केली होती. मला ती मागणी अगदी योग्य वाटते. संग्रहालयात राजांच्या गाड्या असतात. लाखो लोकांना स्टेशनवर, दवाखान्यात आणि लग्नाला पोचवणारी गाडीही तिथे असायला हवी, आणि रंगरंगोटी करून चकाचक केलेली नव्हे, तिच्या दोरासकट आणि माळेसकट.

१ सप्टेंबर, रविवार
फोटो मोठे छापून काकांकडे नेले. त्यांनी तो बॅलार्ड इस्टेटचा फोटो बराच वेळ धरून ठेवला. मग टिपणं सुरू झाली, आणि मी वही उघडली.

डाव्या आरशाची काच नसायची. सांगाडा ठेवा, काच काढा. मागच्या उजव्या चाकाची टोपी हरवलेली असायची, तिथे नट दिसू द्या. चालकाच्या दाराची काच चार बोटं खालीच, कारण पूर्ण वर केली की ती परत खाली यायची नाही. पुढच्या सीटवर, चालकाच्या पाठीला, मण्यांची चटई. आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यात उदबत्तीचं घर, पितळेचं.

"पितळेचं कशाने कराल?"
"कॅरिअरची तार उरली आहे."
"मग करा. आणि ताई, माझ्या मोठ्या भावाकडे डुक्कर फियाट होती. पंचावन्न सालच्या आसपासची. तिचा फोटो शोधतो."

मण्यांची चटई कशाने करायची ते ठरवायचं आहे. मोहरी मोठी पडेल. खसखस बसवून बघते.